यशाची खाट

भडगावच्या आमच्या रुग्णसेवा मंडळाच्या खोलीत कधी डोकावलात तर पहिल्यांदा एकच गोष्ट डोळ्यांत भरेल. तिथलं सगळं हिरवं आहे. खाटा हिरव्या, व्हीलचेअर हिरव्या, वॉकर हिरवे, कमोडच्या खुर्च्यासुद्धा हिरव्या. नव्या माणसाला वाटतं, कुणीतरी रंगाचे डबे फुकट दिले असतील. तसं काही नाही. तो रंग मी मारतो. वस्तू परत आली की धुऊन, वाळवून मारतो, आणि इतकी वर्षं ताईबाई अक्कांच्या हुकमावरून मारत आलोय. मी ज्ञानेश्वर, मोटार रिवाइंडिंगवाला. गाव मला मिस्तरी म्हणतं. मंडळात माझी कामं तीन: मोडलेलं दुरुस्त करणं, चाकांना तेल घालणं आणि अक्कांशी वाद घालणं. तिसऱ्या कामात मी कधी खाडा केला नाही.

मंडळाचा इतिहास सांगायचा तर एका नकोशा खाटेपासून सांगावा लागेल. रतिलालशेठ कापडवाल्यांच्या वडिलांना लकवा झाला, तेव्हा शेठनी धुळ्याहून दवाखान्यातली लोखंडी खाट आणली होती, दांडा फिरवला की डोकं वर होणारी. वडील तिच्यावरच गेले. मग ती खाट शेठच्या पडवीत उभी राहिली. घरचं कुणी तिच्याकडे बघेना, विकत कुणी घेईना, भंगारवालाही 'नको शेठ, ह्याच्यावर माणूस गेलाय' म्हणून पुढे जाई. त्याच सुमारास अक्कांची सासू शेतात पडली आणि खुबा मोडून बसली. अक्कांना लाजबीज माहीत नाही. त्या सरळ शेठच्या दारात गेल्या आणि खाट मागून घेऊन आल्या.

म्हातारी त्या खाटेवर बरेच महिने पडून होती. आम्ही सगळ्यांनी आशा सोडली होती. आणि एके सकाळी ती भिंत धरून उठली, ती थेट गोठ्यात गेली आणि दूध कमी दिलं म्हणून म्हशीला शिव्या घालून आली. झालं! गावभर बोभाटा झाला. ज्याच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलेलं तो शेठकडे यायचा आणि म्हणायचा, ती यशाची खाट द्या.

त्या मागणीतून मंडळ उभं राहिलं. रतिलालशेठ, अक्का, त्यांचे यजमान अभिमन आबा, मी आणि आणखी चार रिकामटेकडे. जुन्या जिनिंगच्या आवारात खोली मिळाली, लोकांनी मदत केली, नव्या कोऱ्या खाटा आल्या. आणि आमची पंचाईत झाली. नव्या खाटा कुणी नेईना! सगळ्यांना ती एकच हवी. शिवाय ज्या खाटेवर कुणी गेलं, तिला तर हात लावायला माणूस तयार नाही. म्हणजे खोलीत खाटा पडून आणि गावात पेशंट जमिनीवर पडून. शेठनी एका डॉक्टरांना बोलावून व्याख्यान ठेवलं. लोकांनी शांतपणे ऐकलं, टाळ्या वाजवल्या, चहा घेतला आणि जाताना विचारलं, यशाची खाट कधी रिकामी होईल?

दुसऱ्या दिवशी अक्का हिरव्या रंगाचे डबे घेऊन माझ्या दुकानात आल्या.

"मिस्तरी, बठ्ठ्या खाटा एकच रंगन्या करी टाक."

मी सगळ्या केल्या; यशाची कुठली ते लोकांना ओळखू येईना. त्यानंतर कुठलीही खाट खोलीतून निघाली की अक्का दारात उभ्या राहायच्या, तिच्या पायथ्याशी हात ठेवायच्या आणि नेणाऱ्याच्या डोळ्यांत बघून सांगायच्या, "लई जा. याना वरना पेशंट उठीसन चालाले लागना." ह्याच्यावरचा पेशंट उठून चालायला लागला, हे ऐकून नेणाऱ्याचा चेहरा तिथल्या तिथे सैल पडायचा. व्हीलचेअर असो की वॉटरबेड, वाक्य तेच. आवाज इतका खणखणीत की मला स्वतःला शंका यायची.

मला हे पटत नव्हतं. लोखंडाला यश-अपयश नसतं, हे मी रोज पान्याने बघतो. आणि सरळ खोटं बोलायचं, तेही दवाखान्याने हात टेकलेल्या माणसांशी? मी एकदा भांडलोच. अक्का कमोडची खुर्ची घासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुन्ही दुरुस्ती तू कर. मन्ही मी करस."

अक्का ही अशी बाई. अंगाने किरकोळ, चालणं एवढं भरभर की बरोबरीने चालणाऱ्याला पळावं लागतं. शिक्षण चौथीपर्यंत. परत आलेली प्रत्येक वस्तू त्या स्वतः धुतात, दुसऱ्याचं धुणं त्यांना चालत नाही. पेशंटच्या घरी गेल्या की आधी त्याची नखं बघतात, मग तोंड. रागावल्या की पदराला गाठ मारतात आणि राग गेला की सोडतात. त्यांनी केलेले दोनच नियम मंडळाने पाळले. एक, वस्तू मागायला आलेल्याला रिकामं पाठवायचं नाही. दुसरा, ज्या घरी माणूस गेलं तिथे सुतक फिटून गंधमुक्ती होईपर्यंत वस्तू परत मागायला जायचं नाही.

अभिमन आबा म्हणजे अक्कांच्या बरोब्बर उलटे. दिवसातून दहा वाक्यं बोलले तर खूप. केळीच्या मळ्यातून आले की खोलीबाहेर बसायचे, मालरिक्षावर खाट चढली की दोर बांधायचे. त्यांनी बांधलेली खाट खड्ड्यातही हलत नसे. आणि दारातून अक्कांचं ते वाक्य ऐकू आलं की आबा हळूच कान खाजवायचे. दरवेळी. त्यांना माहीत होतं कोणत्या खाटेवर कोण गेलंय, कारण उतरवायलाही तेच असायचे. मी आणि आबा एकमेकांकडे बघायचो आणि हसू दाबायचो.

कोरोनाच्या वर्षी आमच्याकडे ऑक्सिजनची तीन मशीन आली. मशीन रंगवता येत नाही, त्याला जाळ्या असतात, बटणं असतात. तिथे नुसत्या वाक्यावरच सगळं होतं. त्या वर्षी अक्कांचा घसा बसला, तरी घोगऱ्या आवाजात त्या तेच सांगत राहिल्या. रतिलालशेठ स्वतः त्यातल्या एका मशीनवर गेले. तेच मशीन धुऊन पुसून पुढच्या घरी गेलं, आणि वाक्य बदललं नाही.

आता गेल्या जानेवारीतली गोष्ट सांगतो.

थंडी कडाक्याची होती. आबांना आधी खोकला झाला, मग न्यूमोनिया, आणि त्यांना जळगावला दवाखान्यात हलवलं. मुलगा हितेंद्र तिथे होता. अक्का जाऊन-येऊन करत होत्या. त्यांच्या पदराची गाठ त्या दिवसांत सुटलीच नाही. मधल्या काळात आबांचे जिवलग मित्र रुपचंदभाऊ गेले. दोघं रोज सकाळी गिरणेच्या पुलापर्यंत फिरायला जायचे. रुपचंदभाऊंची फुप्फुसं जिनिंगच्या कापसाने खाल्ली होती, शेवटचे दिवस ते आमच्या मशीनवर होते. आबांना ही बातमी सांगायची नाही, असं हितेंद्रने आम्हा सगळ्यांना बजावलं.

आणि एका सकाळी हितेंद्रचा फोन आला. डॉक्टर आजच घरी सोडतायत. दवाखान्यात दुसरं काही दुखणं लागण्यापेक्षा घर बरं म्हणाले. पण घरी मशीन तयार पाहिजे, आबांना सध्या त्याशिवाय राहता येणार नाही. अँब्युलन्समधला सिलिंडर भडगावपर्यंत पुरेल, पुढे नाही.

अक्का माझ्या दुकानात आल्या तेव्हा चप्पल उलटसुलट घातलेली होती. इतकी वर्षं दुसऱ्यांची मशीनं वेळेवर पोचवणारी बाई, तिच्या स्वतःच्या घरासाठी मशीन नव्हतं. तीनपैकी एक चाळीसगावकडच्या एका बाळंतिणीला दिलेलं, ती त्यावाचून राहूच शकत नव्हती. दुसरं नदीपलीकडच्या खेड्यात वना नावाच्या पोराकडे, त्याच्या आईसाठी, इंदिराबाईसाठी. तिसरं रुपचंदभाऊंच्या घरी. मी जळगावला भाड्याने देणाऱ्याला फोन लावला. थंडीत दम्याचे पेशंट वाढलेत, उद्या संध्याकाळी बघू, म्हणाला. शिंदखेड्याच्या मंडळातल्या नीलेशला विचारलं. त्याच्याकडचं मशीन दुरुस्तीला खोलून ठेवलेलं होतं.

"अक्का, रुपचंदभाऊंच्या घरचं तर नुसतंच पडून आहे. मी जाऊन आणतो."

"गंधमुक्ती व्हयेल नही," अक्का म्हणाल्या.

"सांगून आणतो ना. ती माणसं काय नाही म्हणणार?"

"नियम शे."

नियमाचं मला माहीत होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर नियम नव्हता, भीती होती. रुपचंदभाऊ त्या मशीनवर गेले होते. त्यांच्या आधी रतिलालशेठ त्याच्यावरच गेले होते. मधली दोन-तीन नावंही आम्हा दोघांना पाठ होती. मंडळातलं हे सगळ्यात अपयशी मशीन, आणि ते धुणाऱ्या हातांना ते सगळ्यात जास्त माहीत.

"वनाकडे चाल," अक्का म्हणाल्या. "त्यानी माय बरी व्हयेल शे म्हने."

आम्ही मालरिक्षा काढली. पुलावरून जाताना नदीवरचं गार वारं अंगाला झोंबत होतं. मला अक्कांचा राग येत होता. हितेंद्रचा फोन आला, निघालो म्हणून. अक्कांनी माझ्या हातातला फोन बंद होईपर्यंत त्याच्याकडे बघितलं.

वनाच्या घरी इंदिराबाई ओट्यावर उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. नाकात नळी नाही, तोंडावर तकाकी. अक्कांना बघून त्या हसल्या. मला एवढं हायसं वाटलं की मी रिक्षेतून दोर काढायला लागलो. वना केळीची गाडी भरायला गेला होता, तोही तेवढ्यात आला. काय झालं ते ऐकून त्याने चपला काढल्या आणि आत जाऊन मशीनचा प्लग उपसलाच.

"लई जा, अक्का," इंदिराबाई म्हणाल्या. "मी आते चंगी शे. झोपताना जराशी लावस, बस."

अक्कांनी त्यांचा हात हातात घेतला आणि नखं बघितली. मग अक्कांनी जे केलं ते मी त्यांना कधीच करताना पाहिलं नव्हतं.

"माय, खाटपावत चालीसन दाखाड बरं."

जन्मभर 'पेशंट चालायला लागला' म्हणून सांगत आलेली बाई पहिल्यांदा एका पेशंटला चालून दाखवायला सांगत होती. इंदिराबाई उठल्या. उंबरा ओलांडला, चार पावलं गेल्या, भिंतीला टेकल्या. खाटेपर्यंत पोचल्या तेव्हा त्यांचे खांदे वरखाली होत होते आणि ओठांचा रंग उतरला होता. तरी त्या हातानेच खूण करत होत्या, ने, ने.

अक्का मशीनशेजारी उभ्या होत्या. प्लग त्यांच्या हातात होता. खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं अक्कांनी ते उचलावं. आपलं माणूस रस्त्यावर आहे, सिलिंडर संपत चाललाय, आणि इथे ही म्हातारी स्वतःहून देतेय. कोण नाव ठेवणार होतं?

अक्कांनी प्लग परत लावला. नळी पुसली आणि इंदिराबाईंच्या नाकाला नीट बसवली. त्यांचा श्वास खाली बसेपर्यंत पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग त्या बाहेर आल्या आणि रिक्षेत बसल्या.

परतताना मी सांगितलं, आता सरळ रुपचंदभाऊंकडे जाऊ. मग म्हणालो, "अक्का, ती यशाची पहिली खाट आठवा. तिच्यावर आधी शेठचे वडील गेले होते. हे माहीत असून तुम्ही ती आणली. तुमची सासू उठली की नाही?"

"तवय ती मन्ही सासू व्हती, मिस्तरी," अक्का म्हणाल्या. "हाऊ मन्हा नवरा शे."

फोन परत वाजला. पाचोरा सोडलं होतं. अक्कांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्या पदराने पुसतही नव्हत्या.

"त्यास्ले मी काय सांगू? बठ्ठ्यासले सांगं. ह्या माणूसले सांगता येत नही. याले बठ्ठं माहीत शे."

मला तेव्हा कळलं त्यांची भीती नेमकी कसली होती. मशीन अपयशी आहे म्हणून नव्हे. सगळ्या गावात एकच माणूस असा, ज्याला ते वाक्य लागू पडणार नव्हतं, आणि आज तोच आजारी होता. दारात बसून कान खाजवणारा.

मी न विचारता रिक्षा रुपचंदभाऊंच्या गल्लीकडे वळवली. "नको," त्या म्हणाल्या आणि माझा दंड धरला. "पहिले घर चाल. मंग देखूत." आता देखायला वेळ कुठे होता? पण त्या दंड सोडेनात. मी घराकडे वळलो.

घरासमोर मयुरी उभी होती. रुपचंदभाऊंची मुलगी. सुतकातली, विस्कटलेल्या केसांची, आणि तिच्या पायाशी मशीन. अक्कांची सून डिंपल तिच्या वर्गातली, तिने घाबरून मयुरीला फोन केला होता. आणि ही पोरगी गंधमुक्तीची वाट न बघता मशीन हातगाडीवर टाकून घेऊन आली होती. ते तिने पुसलं होतं, नळी नवी आणली होती.

अक्का तिच्याकडे बघत राहिल्या. "मयू, तू काब्र उनी व? सुतक शे ना."

"बापूले आते नही लागत ते, अक्का. आबाले लागस."

अक्का मटकन ओट्यावर बसल्या. मग त्यांनी जे आजवर कुणाला विचारलं नव्हतं ते विचारलं.

"बापूले मशीन दिधं तवय मी तुले काय सांगं व्हतं, ते याद शे?"

"शे ना. याना वरना पेशंट उठीसन चालाले लागना."

"ते खोटं व्हतं, माय."

"माहीत शे, अक्का," मयुरी म्हणाली. "त्याना वर रतिलालशेठ गयात, हाई आख्खी गल्लीले माहीत शे. आम्हले तवयच माहीत व्हतं."

"मंग लई काब्र गयी?"

"तुम्ही सांगं म्हनीसन मन्ही मायनी त्या दिन भाकर खादी. दोन दिन उपाशी व्हती ती."

अक्कांना हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. आम्हाला वाटायचं, हिरवा रंग आणि ते वाक्य यांनी आम्ही गावाला फसवतोय. गाव सगळं ओळखून होतं आणि तरीही ते वाक्य ऐकायला आमच्या दारात येत होतं.

बोलायला वेळ उरला नाही. अँब्युलन्स गल्लीत शिरली. मी मशीन उचलून आत नेलं, इन्व्हर्टरच्या सॉकेटला जोडलं. हितेंद्र आणि ड्रायव्हरने आबांना आणून हिरव्या खाटेवर टेकवलं. आबा अर्धे झाले होते. हितेंद्र माझ्या कानात म्हणाला, काका, लवकर, सिलिंडरचा काटा खाली आलाय.

आबांनी मात्र हाताने थांबवलं. त्यांची नजर मशीनवर गेली. त्याच्या कडेवर एक टवका उडालेला आहे, रिक्षातून उतरवताना त्यांच्याच हातून पडला होता. त्यांनी ते ओळखलं. मग त्यांनी अक्कांकडे बघितलं.

अक्का खाटेच्या पायथ्याशी होत्या. त्यांचा हात नेहमीच्या जागी, पायथ्याच्या दांड्यावर गेला. तोंड उघडलं. शब्द येईना. पुन्हा उघडलं. सगळं आयुष्य खणखणीत बोललेली बाई नुसते ओठ हलवत होती. आबांनी हळूहळू हात वर नेला आणि कान खाजवला. आम्हाला इतकी वर्षं ज्याचं हसू यायचं, ते बघून मी मान फिरवली.

तेवढ्यात आबांना दारातली मयुरी दिसली.

"मयू," ते म्हणाले. एकेक शब्दाला दम लागत होता. "तुन्हा बाप कसा शे व?"

हितेंद्रने मान खाली घातली. अक्कांनी खाटेचा दांडा घट्ट धरला. मयुरी दोन पावलं आत आली आणि आबांच्या डोळ्यांत बघून बोलली.

"चंगा शेतस, आबा. उठीसन चालाले लागनात. त्यासनंच मशीन शे हाई. आते त्यास्ले लागत नही, म्हनीसन तुम्हले धाडं."

आबांनी तिच्याकडे बघितलं, मग मशीनकडे. कानाजवळचा हात खाली आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ते वाक्य खरं मानलं.

"लाव मंग," ते म्हणाले.

मी बटण दाबलं. अक्कांनी नळी बसवली, त्यांच्या हातांना ती सवय होती म्हणून बसली. आबांचा श्वास हळूहळू खाली यायला लागला. मयुरी मागे वळली आणि परसदारी निघून गेली. अक्का तिच्यामागे धावल्या. थोड्या वेळाने मोरीजवळून दोघींचं रडणं ऐकू आलं, तोंडात पदर कोंबून रडलेलं. हितेंद्र ड्रायव्हरला सोडायला बाहेर गेला. खोलीत मी आणि आबा दोघंच उरलो, मशीनची घरघर चालू होती.

आबांनी डोळे मिटले होते. झोपले असं वाटलं, म्हणून मी उठायला लागलो.

"मिस्तरी," ते डोळे न उघडता म्हणाले, "रुपचंदले सांग. सकाळे पुलवर एकला जावू नको म्हना. मी येस."

मी अक्कांशी जन्मभर भांडलो होतो. मी आबांच्या पायावर गोधडी ओढली.

"सांगस, आबा," मी म्हणालो. "तो थांबेल शे तुम्हनासाठे."